आधी बाकावर बसू द्या

पिंगुळीहून कुडाळला कॉलेजला निघालेल्या मुली पाहा. स्कूटी सुरू करण्याआधी स्कार्फ डोक्यावरून, नाकावरून असा आवळतात की दिसतात ते फक्त डोळे. धूळ आहे, ऊन आहे. कुणाची हरकत नाही. त्याहून कमी कापडानं मुस्लिम मुलीनं नुसते केस झाकले, तर तिच्याकडे खुलासा मागतात. हा उघड दुजाभाव आहे.

चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजनं २०२४ साली हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बिल्ले बंद केले. धर्म दिसेल असं काही नको, हे कारण. नऊ विद्यार्थिनी कोर्टात गेल्या. २६ जूनला मुंबई उच्च न्यायालयानं त्यांची याचिका फेटाळली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं हिजाब, टोपी, बिल्ल्यांवरच्या बंदीला स्थगिती दिली. वर्गात बुरखा मात्र चालणार नाही, असंही बजावलं. न्यायमूर्तींचे सवाल बिनतोड होते: नावावरून धर्म कळत नाही का? टिळा लावणाऱ्यांनाही अडवणार का?

वर्गात चेहरा दिसावा, परीक्षेला ओळख पटावी, प्रयोगशाळेत सैल कापड नसावं, हे नियम रास्तच. ते सगळ्यांना सारखे लावा. केसांवरच्या रुमालानं यातलं काहीच अडत नाही.

मग घरच्या सक्तीचं काय? घरातल्या पुरुषांच्या धाकानं डोकं झाकावं लागत असेल, तर तो जुलूमच. सक्ती सरकारंही करतात. इराणमध्ये २०२२ साली डोक्यावरचं कापड नियमात बसत नाही म्हणून पकडलेली महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात कोसळली आणि जिवाला मुकली. फ्रान्सनं २००४ च्या कायद्यानं सरकारी शाळांत तेच कापड बंद केलं. दोन्हींची बरोबरी होणार नाही, पण मुलीला दोन्हीकडे कुणी विचारलं नाही.

याउलट उदाहरण आपल्या कोकणातल्या, चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या समाजसुधारक हमीद दलवाईंचं. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला. सातच जणी, पण आपलं गाऱ्हाणं घेऊन स्वतः रस्त्यावर उतरलेल्या. रूढीशी भांडायचं तर असं, बायकांना सोबत घेऊन.

गेटवरून परत पाठवलेली मुलगी जाते कुठं? घरी. तिनं शिकूच नये असं वाटणाऱ्यांचं आयतंच फावतं. म्हणून ज्यांना बुरखा खुपतो, त्यांनीच तिच्या शिक्षणासाठी आधी उभं राहिलं पाहिजे. पदवी हातात आणि पगार स्वतःच्या खात्यात आला, की घरच्यांना आणि बाहेरच्यांना ‘नाही’ म्हणायचं बळ तिला येईल. मग ती रुमाल ठेवो की काढो. तो निर्णय आपल्याला पटला नाही, तरी तिचाच.

आपल्या तालुक्यातल्या प्राचार्यांना एवढंच सांगणं: हिजाबबंदीचं असलं परिपत्रक कुणी टेबलावर आणून ठेवलं, तर त्यावर सही करू नका.