उन्नत मेट्रो स्थानक: नवशिक्यांसाठी प्रवेशिका

मुंबईची पहिली मेट्रो, वर्सोवा ते घाटकोपर, 8 जून 2014 रोजी सुरू झाली. अंतर 11.4 किलोमीटर, स्थानकं 12, आणि बाराही खांबांवर. इतक्या वर्षांनंतरही मधल्या मजल्यावर रोज कुणीतरी गोंधळून उभं असतं. प्रस्तुत मार्गदर्शन त्यांच्यासाठी.

प्रथम स्थानक शोधा. ते वर आहे. खांब रस्त्यात असल्यामुळे जिने दोन्ही फुटपाथांवर उतरवलेले असतात. सरकता जिना पलीकडच्या फुटपाथावर दिसला तर मन खट्टू करू नका, चढायला लागा. पुढच्या काकांच्या मागोमाग मात्र जाऊ नका. मधल्या मजल्यावरून तिकिटाशिवाय रस्ता ओलांडता येतो, आणि काका समोरच्या मेडिकलमध्ये निघालेले असू शकतात.

याच मजल्यावर तिकीट खिडकी, बॅगेची तपासणी आणि फाटकं. कागदी तिकिटावरचा चौकोनी कोड फाटकाच्या काचेला दाखवायचा असतो. तिकीट सवयीने चुरगळून खिशात कोंबू नका. बाहेर पडतानाही फाटकाला तेच लागतं, आणि फाटकाशी टीसीसारखी हुज्जत घालता येत नाही.

आता खरी परीक्षा. बहुतेक स्थानकांत रूळ मध्ये आणि फलाट दोन कडांना. म्हणजे वर्सोव्याकडे जायचं की घाटकोपरकडे, हे खालीच ठरवावं लागतं. वास्तुरचनेची गंमत अशी, की चूक मधल्या मजल्यावर होते आणि कळते फलाटावर: आपली गाडी समोर येते, दारं उघडते, माणसं घेते आणि जाते. मध्ये रूळ, वर पंचवीस हजार व्होल्टची तार. लोकलवाल्यांनी रुळांकडे नुसतं बघूसुद्धा नये. मुकाट खाली उतरा, पलीकडचा जिना चढा. घाईत फलकावर ‘स्लो’, ‘फास्ट’ शोधू नका, इथे सगळ्या गाड्या सगळीकडे थांबतात. खिडकीतून रुमाल टाकून जागाही धरता येत नाही. काचा बंद असतात.

गाडी बदलणं हा प्रगत अभ्यासक्रम, पदवीधरांनीच घ्यावा. मेट्रो 7 पकडायला ‘पश्चिम द्रुतगती मार्ग’ला उतरावं, तर पुलापलीकडच्या स्थानकाचं नाव गुंदवली. ‘अंधेरी पश्चिम’ हे मेट्रो 2अ चं स्थानक डी. एन. नगरला लागून आहे. तिथून नुसत्या ‘अंधेरी’ला जायचं तर मध्ये आझाद नगर लागतं. अंधेरीत जन्मलेल्यांनाही हे तोंडी सांगता येत नाही. मरोळ नाक्याला तर पहिली मेट्रो डोक्यावर आणि तिसरी जमिनीखाली. तिथे गाडी बदलणारा हवेतून निघून थेट पाताळात पोचतो. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी या स्थानकाची नोंद घेतली नसेल तर आश्चर्य आहे.

घाटकोपरला सूचना एकच: संध्याकाळी रांग दिसली की आधी तिचं शेपूट शोधा. वर पाहू नका, ते खाली कुठेतरी असतं.

उतरल्यावर बाहेर पडायचे जिने पुन्हा अनेक. फलक नीट वाचून योग्य तो निवडा, खाली या. रिक्षा समोरच्या फुटपाथाला मिळेल. परत चढा.