मयत वादीने घ्यावयाची काळजी

लशीने इजा झाली म्हणून भरपाई मागणाऱ्याने शक्यतो निकालापर्यंत मरू नये. तेवढा दम निघत नसेल तर कशाने मरायचे, हे तरी नीट ठरवावे. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 चे कलम 306 सगळे त्यावरच ठरवते. शरीराच्या इजेचा दावा, त्या इजेने मृत्यू आला नसेल तर, वादीबरोबरच संपतो. सेलूच्या एखाद्या शेतकऱ्याचे पाय लशीनंतर लुळे पडले, त्याने वर्ध्याला दावा लावला आणि तारखेला जाताना तो नागपूर रोडवर ट्रकखाली आला, तर पायांची तक्रार तिथेच मिटते. घरच्यांनी आता ट्रकचा नंबर शोधावा.

तो लशीनेच गेला, तर प्राणघातक अपघात कायदा आहे. हा 1855 चा. बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. भरपाई नवराबायको, आईबाप आणि मुलाबाळांसाठी; पाठच्या भावाने नुसते रडावे. मुदत मृत्यूपासून दोन वर्षे.

अडते ते ‘लशीनेच’ सिद्ध करताना. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटना तपासायला जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंत समित्या आहेत. त्या प्रकरणाला अक्षर देतात: ए म्हणजे लशीशी संबंध जुळतो, बी म्हणजे सांगता येत नाही, सी म्हणजे योगायोग, आणि डी म्हणजे कागद कमी पडले. डी मिळवणे सर्वात सोपे. माणूस दुपारी गेला, सोयरे जमले, दिवस मावळायच्या आत सारे आटोपले; पोस्टमॉर्टेमचे नाव कोण काढतो? कोविड लशीने मृत्यू झाल्याचे राष्ट्रीय समितीने पहिल्यांदा मान्य केले ते 8 मार्च 2021 ला लस घेतलेल्या 68 वर्षांच्या गृहस्थांच्या बाबतीत. त्यांना आलेली अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे तीव्र अ‍ॅलर्जी, कागदावर ओळखू येत होती.

पैसे कोण देणार? कोविडने मेलेल्याच्या घरी 50,000 रुपये सानुग्रह मदत जात होती. लशीबद्दल केंद्राने नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रतिज्ञापत्रावर कळवले की लस ऐच्छिक होती, सरकारवर जबाबदारी येत नाही, दिवाणी न्यायालय उघडे आहे. (ब्रिटनमध्ये लशीने गेलेल्याच्या वारसांना 1,20,000 पौंड मिळू शकतात, पण तिथे जन्म घेण्याची मुदत टळलेली असते.) ग्राहक आयोगात मयताचा वारस जाऊ शकतो, फक्त मयत ग्राहक असावा लागतो. सरकारी केंद्रात फुकट टोचून घेणारा ग्राहक नसतो. 2021 मध्ये खासगीत 250 रुपये मोजणाऱ्याने पावती जपून ठेवली असेलच.

दावा टिकणारा असेल तर वारसांना 90 दिवसांत रेकॉर्डवर यावे लागते, नाहीतर तो आपोआप पडतो; पडलेला उठवायला आणखी 60 दिवस. तेवढ्यात वारस दाखला काढायचा. लशीच्या प्रमाणपत्रावर आधारप्रमाणे रामदास, सातबाऱ्यावर रामाजी, मृत्यूच्या दाखल्यावर रामाजी ऊर्फ बाबा, म्हणून तिघेही एकच इसम असल्याचे शपथपत्र जोडायचे.

दिवाणी प्रक्रिया संहितेने मरायला एक निर्धोक वेळ मात्र राखून ठेवली आहे. आदेश 22, नियम 6: युक्तिवाद संपल्यावर आणि निकाल वाचण्यापूर्वी वादी मेला, तर हक्क टिकणारा असो वा नसो, दावा पडत नाही. निकाल देता येतो आणि तो वादीच्या हयातीतच दिला असे धरले जाते.