बाईच्या सिनेमाचे बारा वाजवणाऱ्यास

मल्टिप्लेक्समध्ये खेळांच्या वेळा लावणारे महोदय,

तुमचं नाव श्रेयनामावलीत येत नाही आणि पोस्टरवरही नसतं. तरी मराठीत बाईला मध्यभागी ठेवून काढलेला कोणता सिनेमा तग धरणार आणि कोणता चौथ्या दिवशी गुंडाळला जाणार, हे दिग्दर्शकापेक्षा आणि समीक्षकापेक्षा जास्त तुम्ही ठरवता. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि तेही चारचौघांत. आरोप एकच आहे. बाई येऊच शकणार नाही अशा वेळेला तुम्ही बाईचा सिनेमा लावता, आणि मग ‘प्रेक्षकच नाही’ असा शेरा मारून तो उतरवता.

मी आगाशीची. विरार स्टेशनला उतरून पश्चिमेला बोळिंज ओलांडलं की आमचं गाव लागतं. पुढे रस्ता अर्नाळ्याच्या समुद्राकडे जातो. गावात चित्रपटगृह नाही. सिनेमा बघायचा म्हणजे चाळपेठेत बस नाहीतर शेअर रिक्षा पकडून विरार गाठायचं आणि तिथून पुढे. एवढं करून आम्ही जातो, कारण आम्हाला सिनेमा आवडतो, आणि पडद्यावरची बाई नीट लिहिलेली असेल तर फार आवडतो.

यंदा असाच एक मराठी सिनेमा लागला. नाव लिहीत नाही, कारण त्याच्या जागी दुसरं कुठलंही नाव घातलं तरी हकिकत तीच राहील. तुम्ही त्याला दोन खेळ दिलेत : सकाळी सव्वादहाचा आणि रात्री पावणेअकराचा. मधल्या बारा तासांत एक मोठा हिंदी सिनेमा पडद्यामागून पडदे अडवून बसला होता. सोमवारी रात्रीचा खेळ गेला, बुधवारी सकाळचाही गेला. गुरुवारी तुमच्या काउंटरवर उत्तर मिळालं, ‘मॅडम, चालला नाही.’

सकाळी सव्वादहाला आमच्याकडची बाई कुठे असते, हे तुम्ही कधी विचारलंय? जिची फुलाची किंवा भाजीची पाटी आहे ती पहाटेच्या लोकलने गेलेली असते आणि त्या वेळी बाजारात उभी असते. जी नोकरीला आहे तिने आठच्या आतली गाडी पकडलेली असते. जी घरी आहे ती पोरांचे डबे भरून, सासऱ्यांच्या गोळ्या देऊन, पाणी भरून नुकती कुठे टेकलेली असते आणि दुपारचा स्वयंपाक तिची वाट बघत असतो. रात्री पावणेअकराचा खेळ सुटतो एक वाजता. त्या वेळी विरारहून आगाशीला यायला शेअर रिक्षा नसते. एखादी मिळालीच तर तो सांगेल ते भाडं, आणि अंधारातला रस्ता. आमच्यातल्या एकीलाही घरून परवानगी मागायची गरज नाही, अशी वेळ आली तरी या खेळाला आम्ही जाणार नाही. कारण यायचं कसं, हा प्रश्न उरतोच.

हे तुम्हाला कळत नसेल, असं मी मानत नाही. वेळेचं हे गणित टेलिव्हिजनवाल्यांनी केव्हाच सोडवलंय आणि तुमचा धंदा त्यांच्या शेजारचाच आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर ‘दामिनी’ दुपारी लागायची. प्रतीक्षा लोणकरची ती पत्रकार अन्यायाच्या मागे लागायची, मोठ्यांना प्रश्न विचारायची. दुपारची वेळ म्हणजे तेव्हा पडीक जमीन समजली जायची. पण घरातल्या बाईला हक्काची म्हणून तेवढीच वेळ होती. कुणीतरी तिच्या वेळेला तिच्या दारात गेलं आणि तिने ती मालिका डोक्यावर घेतली.

पुढे १९९९ साली ‘आभाळमाया’ आली. सुकन्या कुलकर्णीची सुधा जोशी कॉलेजात शिकवणारी. नवऱ्याच्या वागण्याने घर मुळापासून हललं तरी ती स्वतः मोडली नाही आणि तिने आवाजही फार चढवला नाही. मराठी मालिकेतल्या बाईकडे मी जाणतेपणाने बघायला लागले ते सुधापासून. रडण्यापेक्षा विचार करताना दिसणारी बाई रोज अर्धा तास घरात यायला लागली होती. त्यानंतर मृणाल कुलकर्णीची ‘अवंतिका’, आदिती सारंगधरची ‘वादळवाट’मधली रमा, रमाबाई रानड्यांवरची ‘उंच माझा झोका’. या मालिकांवर आम्ही बायका ओट्यावर, लोकलच्या डब्यात, हळदीकुंकवात तावातावाने बोललो आहोत. कुठली गोष्ट ताणली, कुठे पात्राचा स्वभाव लेखकच विसरला, कुठे नट बदलला आणि गंमत गेली, सगळ्याचा हिशेब आमच्याकडे आहे. ही समीक्षाच आहे; फक्त ती छापून येत नाही.

आणि वेळ बदलली की काय होतं, तेही आम्ही पाहिलं. ‘आई कुठे काय करते!’ डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. मधुराणी प्रभुलकरची अरुंधती संध्याकाळी साडेसातला यायची. २०२४च्या मार्चमध्ये नव्या मालिकेला जागा करून द्यायला तिला दुपारी अडीचला हलवलं. साडेसातला घरी पोहोचणारी नोकरदार बाई त्या दिवसापासून तुटली. मालिका तोवर लांबली होती, हेही खरंच. पण घड्याळाचा काटा हलवून कोणता प्रेक्षक जोडता येतो आणि कोणता तोडता येतो, हे वाहिन्यांना अर्ध्या तासाच्या हिशेबाने ठाऊक असतं. तुम्हालाही ते ठाऊक आहे. म्हणूनच तुमची चूक झाली असं मी म्हणत नाही. तुम्ही हे जाणूनबुजून करता असं म्हणते.

तुमचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे : ‘मराठी बाई घरी मालिका बघते, थिएटरला येत नाही.’ ३० जून २०२३ला ‘बाईपण भारी देवा’ लागला तेव्हा हे उत्तर कुठे गेलं होतं? केदार शिंदेंच्या त्या सिनेमात सहा बहिणी, सगळ्या वयाने मोठ्या, आणि गोष्ट मंगळागौरीच्या स्पर्धेची. बायका नऊवारी नेसून, नथ घालून, घोळक्याने आल्या. महाराष्ट्रभर चित्रपटगृहांत फुगड्या घातल्या गेल्या. सिनेमा ७५ कोटींच्या पुढे गेला.

तो सिनेमा बघायला गेले तेव्हा आमच्या आळीतल्या काकू माझ्या शेजारच्या खुर्चीत होत्या. मल्टिप्लेक्समध्ये त्या पहिल्यांदाच आलेल्या; खुर्चीचा नंबर दोनदा तपासून, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. सुकन्या कुलकर्णी-मोने पडद्यावर आल्या आणि काकूंनी माझा हात दाबला, ‘अगो, ही आपली सुधा!’ पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी वळून हसल्या, कारण त्यांनाही तेच म्हणायचं होतं. चोवीस वर्षांपूर्वी संध्याकाळी घरात येणाऱ्या त्या बाईची ओळख काकूंनी जपली होती, आणि तिला भेटायला त्या तिकीट काढून आल्या होत्या. मालिका बघणारी बाई आणि सिनेमाला येणारी बाई अशा दोन वेगळ्या बायका नसतात, महोदय. ती एकच असते, आणि एकदा जीव लावला की ती माणूस सोडत नाही. असा प्रेक्षक मिळावा म्हणून हिंदीवाले जाहिरातीवर पैसा ओततात. तुमच्याकडे तो आपल्या पायांनी चालत येतो आणि तुम्ही त्याला सव्वादहाची वेळ दाखवता.

त्याच सिनेमाचा आणखी एक धडा तुमच्या वहीतच आहे. ‘बाईपण’ची दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्यापेक्षा जवळपास दुप्पट होती. हे असं का झालं, ते मी सांगते. बाई एकटी उठून सिनेमाला जात नाही. एक जण आधी बघून येते, भिशीत सांगते. मग व्हॉट्सअ‍ॅपवर नावं गोळा होतात. एकीच्या मुलाची परीक्षा, दुसरीचा उपास, तिसरीची शिफ्टची नोकरी, असं सगळं जुळवून पुढच्या शनिवारचा बेत ठरतो. म्हणजे आमची गर्दी जमायला आठ-दहा दिवस लागतात. तुम्ही शुक्रवार ते रविवारचे आकडे बघून सोमवारी कात्री चालवता. केळीचा कंद लावून तिसऱ्या दिवशी ‘घड कुठाय?’ म्हणत तो उपटून टाकणाऱ्याला आमच्या आगाशीच्या वाड्यांमध्ये कुणी शेतकरी म्हणणार नाही.

‘झिम्मा’चंही तसंच. हेमंत ढोमेचा तो सिनेमा नोव्हेंबर २०२१मध्ये आला तेव्हा कोरोनामुळे निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवायचा नियम होता, आणि लोक बंद खोलीत बसायला घाबरत होते. सहलीला निघालेल्या बायकांच्या त्या गोष्टीने त्या दिवसांत मराठी प्रेक्षकाला पुन्हा चित्रपटगृहात आणलं. पडत्या काळात तुमचे पडदे ज्यांनी उजळते ठेवले, त्यांत आमच्या तिकिटांचे पैसे होते.

मी या सिनेमांची भक्त आहे म्हणून डोळे मिटून बसलेली नाही. ‘बाईपण’मधली जन्माची दुखणी स्पर्धेच्या तालात फार लवकर बरी होतात. ‘झिम्मा’तल्या बायका परदेशाच्या सहलीचा खर्च पेलू शकणाऱ्या आहेत, पहाटेच्या लोकलला पाटी चढवणारी आमची बाई त्या बसमध्ये चढत नाही. तिची गोष्ट सांगणारा सिनेमा मला हवाय. तो मराठीत होऊ शकतो, याचे पुरावे आहेत. १९३७ साली प्रभातच्या ‘कुंकू’त शांता आपटेंच्या नीराने म्हाताऱ्या नवऱ्याशी लावून दिलेलं लग्न मानायला नकार दिला. १९९५ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांनी ‘दोघी’ केला. घर जगवण्यासाठी एका मुलीचा बळी देणारं आणि नंतर तिच्याच तोंडाकडे बघायला लाजणारं गाव त्यात आहे.

आणि ‘उंबरठा’. जब्बार पटेलांचा, १९८२चा. सुलभा महाजन खात्यापित्या घरातून बाहेर पडते, महिलाश्रमाची अधीक्षक होते, तिथल्या सडलेल्या कारभाराशी भांडते आणि थकून घरी परतते. घर तेच असतं; पण लेक जवळ येत नाही, आणि नवरा शांतपणे सांगतो की आता त्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे. तो ओरडत नाही, अपराधी होऊन खाली बघतही नाही. सुलभा झालेली स्मिता पाटील ते ऐकून घेते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच हलत नाही. मग हळूहळू कळत जातं की तिने ठरवलंय. ती पुन्हा बाहेर पडते. दिलासा देणारा एकही शब्द सिनेमा बोलत नाही. हा सिनेमा आज आला असता तर तुम्ही त्याला कोणती वेळ दिली असती? तुमचं वेळापत्रक बघता मला उत्तर माहीत आहे, आणि त्याचा मला संताप येतो.

कारण नुकसान एका सिनेमाचं होत नाही. तुम्ही पाडलेला आकडा निर्मात्याच्या टेबलावर जातो. तो म्हणतो, बायकांचे विषय चालत नाहीत. पुढची ‘दोघी’ कागदावरच राहते, आणि लिहिणारी मुलगी पोटासाठी कट-कारस्थानांची मालिका लिहायला बसते. मग तुम्हीच म्हणता, मराठीत चांगले विषय कुठे आहेत?

नियमाचंही बोलू. एप्रिल २०१५मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळच्या प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं. त्यावर ओरड झाली आणि लगोलग ‘दुपारी १२ ते रात्री ९’ अशी सैल मुदत ठरली. तुमचे सव्वादहा आणि पावणेअकरा हे दोन्ही खेळ या मुदतीच्या बाहेर आहेत. एवढी मोठी जागा मोकळी असताना नेमके तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे तास शोधायला अक्कल लागते. ती तुमच्याकडे आहे. १९७१ साली ‘सोंगाड्या’ या मराठी सिनेमाला पडदा मिळावा म्हणून दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहापुढे शिवसेनेला उभं राहावं लागलं होतं. आम्हाला काचा फोडायच्या नाहीत. आम्हाला तिकीट काढायचंय.

मागण्या साध्या आहेत. शनिवारी आणि रविवारी दुपारी तीन-साडेतीनचा एक खेळ, जो सुटल्यावर उजेडात किंवा निदान बस असताना घरी येता येईल. आठवड्यात एक खेळ दुपारी एकच्या सुमारास. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी सातचा एक. आगाऊ बुकिंग सोमवारी उघडा, गुरुवारी रात्री नाही. वीस जणींना एकत्र बसायचं तर आधी कळायला हवं. आणि पूर्ण दोन आठवडे द्या. एवढं देऊनही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर खुशाल सिनेमा उतरवा. तो वाईट होता असं मी स्वतः लिहीन, आणि का वाईट होता तेही लिहीन.

तोवर ‘बायका येत नाहीत’ हे वाक्य तुमच्या तोंडी शोभत नाही. येत्या शुक्रवारचं वेळापत्रक तुमच्याच हातात आहे. ते बदला, नाहीतर ज्या वेळा लावता त्यांच्याखाली स्वतःचं नाव लिहा, म्हणजे सिनेमा कुणी पाडला ते महाराष्ट्राला कळेल.

आगाशीची एक प्रेक्षक