तेच आहे, नाव तेवढं वेगळं

पर्यायकाकांना तुम्ही ओळखता. आपला कॉम्प्युटर हल्ली फार हळू चालतो, असं तुम्ही जिन्यात कुणाला तरी सांगत असता आणि वरच्या मजल्यावरून आवाज येतो, "विंडोज ना? काढून टाक!" तेच ते. ठाण्याला, नौपाड्याकडचे पर्यायकाका आधी चहा पाजतात आणि मग लिनक्सचा विषय काढतात. कल्याणचे थेट स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच येतात. आमचे पडले डोंबिवलीचे, त्यामुळे ते आधी स्वातंत्र्यावर बोलतात. 1983 साली स्टॉलमनने काय जाहीर केलं, 1991 साली हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या टोरवाल्ड्सने काय केलं, सगळं सालवार. गावाला व्याख्यानमालांची सवय आहे. ऐकून घेतो आम्ही.

पण लोकांना स्वातंत्र्य नको असतं. लोकांना फोटोशॉप हवं असतं.

आणि तिथे काकांचं ते वाक्य येतं. फोटोशॉप? गिंप आहे ना! "तेच आहे, नाव तेवढं वेगळं." वर्ड? लिबरऑफिस रायटर. एक्सेल? कॅल्क. पेजमेकर? स्क्रायबस. पेंट? कोलरपेंट. तेच आहे, नाव तेवढं वेगळं. व्हीएलसी आणि फायरफॉक्स यांच्या बाबतीत काकांची जरा पंचाईत होते, कारण तिथे नावही तेच आहे.

आता गिंप हे उत्तम सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, जगभर लोक वापरतात, सगळं मान्य. पण 2012च्या आधी त्यात हत्यारं एका खिडकीत, लेअर दुसऱ्या खिडकीत आणि फोटो तिसऱ्या खिडकीत उघडायचा. काकांच्या पुतणीला त्या काळात फॉर्मसाठी आपला पासपोर्ट फोटो फक्त कापायचा होता. तीन खिडक्यांची गाठ घालून देता देता सायबर कॅफे बंद व्हायची वेळ झाली, आणि शेवटी तिने कात्रीने फोटो कापला. "कात्रीसुद्धा मुक्त साधन आहे," काका म्हणाले.

एका दुकानदाराला त्यांनी टॅली सोडून जीएनयूखाता घ्यायला लावलं. आपल्या मुंबईच्या मंडळींनी केलेलं, म्हणून अभिमानाने. सगळं सुरळीत चाललं होतं, मार्च उजाडेपर्यंत. मार्चमध्ये सीएने टॅलीचा बॅकअप मागितला. काका स्वतः सीएकडे गेले आणि स्टॉलमनपासून सुरुवात केली. मार्च महिन्यात. सीएकडे.

त्यांना हा नाद लागला टपालाने. उबुंटू नावाचं लिनक्स करणारी कॅनॉनिकल ही कंपनी 2011पर्यंत मागेल त्याला सीडी फुकट घरपोच पाठवत असे. काकांनी इमारतीतल्या प्रत्येकाच्या नावाने मागवली. पोस्टमनला वाटलं, सोसायटीला कुठली तरी लॉटरी लागली. त्या सीड्यांचं पुढे काय झालं ते आमच्या इमारतीकडे रस्त्यावरून पाहिलं तरी कळायचं: प्रत्येक गॅलरीत दोरीला एक चकचकीत सीडी, कबुतरं येऊ नयेत म्हणून. काकांनी वर मान करून सगळ्या मोजल्या आणि म्हणाले, "चला, निदान इन्स्टॉल तरी केल्या."

वाइनचा किस्सा तर सगळ्या रामनगरला माहीत आहे. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, 1993पासून चालू आहे. चतुर्थीचा दिवस, घरात गणेशमंदिरातून नुकतीच परतलेली पाहुणेमंडळी, आणि काका गॅलरीत फोनवर मोठमोठ्याने: "अजिबात चालत नाहीये? मग वाइन घाला. नाही नाही, रात्री कशाला, आत्ताच घाला. तासाभरात चालायला लागेल." काकूंनी गॅलरीचं दार लावून घेतलं.

वाक्य कॉम्प्युटरपुरतं राहिलं असतं तर चाललं असतं. एकदा ठाण्याला आमची फास्ट लोकल डोळ्यांसमोरून गेली. काकांनी मला स्लोमध्ये ढकललं. "तीच गाडी, नाव तेवढं वेगळं." कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर अशी स्टेशनं घेत, दिव्याला चढलेल्या गर्दीत एका पायावर उभा राहून मी त्या वाक्याचा अर्थ लावत होतो. मामलेदारची मिसळ खायला म्हणून नेलं आणि रांग पाहून समोर दिसेल त्या हॉटेलात बसवलं. तीच मिसळ. शेवटी काकूंनी एका संक्रांतीला गुळाच्या पोळीऐवजी गूळ आणि पोळी असं वेगवेगळं वाढलं आणि त्यांचंच वाक्य त्यांच्याच ताटात टाकलं. काका मुकाट्याने जेवले.

14 ऑक्टोबर 2025 हा दिवस मात्र काकांचा. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चा आधार काढला, आणि नवं विंडोज 11 घ्यावं तर त्याला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते. म्हणजे धडधाकट, हात न मोडलेला, पाय न मोडलेला कॉम्प्युटर एका दिवसात म्हातारा ठरला. यात काकांचा संताप मला तेव्हाही रास्त वाटला आणि आताही वाटतो. वसुबारस तोंडावर आलेली, घराघरांत चकलीचा वास, आणि काका गळ्यात पेनड्राइव्ह अडकवून दारोदार. नरकचतुर्दशीच्या सकाळी फडके रोडवर अख्खं तरुण डोंबिवली नटूनथटून फोटो काढत होतं, त्यात काका मुलांना थांबवून विचारत होते, "घरी कुठलं प्रोसेसर आहे?" मुलांनी त्यांच्याबरोबरही सेल्फी काढले.

याच मोसमात लग्नपत्रिका छापणारा एक डीटीपीवाला त्यांच्या हाती सापडला. पेजमेकरची 2001 साली निघालेली शेवटची आवृत्ती तो अजून जिवापाड सांभाळून होता. काकांनी लिनक्स मिंट टाकलं, स्क्रायबस टाकलं, पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे लावून दिले. डीटीपीवाल्याने जुनी फाईल उघडली. जिथे 'चि. सौ. कां.' असायला हवं तिथे इंग्रजी अक्षरं, टोप्या, टिंबं आणि पौंडाची चिन्हं. कारण जुने मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी चित्रं. तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. काका घाईघाईने म्हणाले, "मजकूर तोच आहे रे, दिसायला तेवढा..."

"काका," डीटीपीवाला म्हणाला, "मुलीच्या बापाला काय सांगू? मुलगी तीच आहे, नाव तेवढं वेगळं?"

त्या दिवशी काका घरी चालत आले. एरवी शेअर रिक्षात चौथ्या सीटवर अर्धे बसून ड्रायव्हरच्या मोबाइलमधल्या अँड्रॉइडच्या आतसुद्धा लिनक्सच आहे हे त्याला पटवत येणारा माणूस.

आणखी एक गोष्ट मी काही वर्षं पोटात ठेवली होती. काकांचा कॉम्प्युटर सुरू होताना क्षणभर एक यादी येते: मिंट, त्याखाली डेबियन, त्याखाली आणखी काही, आणि सगळ्यात शेवटी विंडोज. ती ओळ दिसायच्या आत काका एंटर दाबतात. मी एकदा विचारलंच. म्हणाले, "ते माळ्यावरचं सामान आहे. काकूंच्या भावाचं." नंतर कळलं, सोसायटीच्या कामाचा डिजिटल सहीचा डोंगल आणि त्यांचा जुना प्रिंटर, हे दोघे लिनक्सला ओळख दाखवत नाहीत.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या यजमानांनी शेवटच्या वर्षांत आठवणी लिहून ठेवल्या होत्या, अशाच एका जुन्या फॉन्टमध्ये. मशीन गेलं, त्यातला फॉन्ट गेला, राहिली एक सीडी. दुकानांत दाखवून झालं होतं, सगळीकडे टोप्या आणि पौंड. बाई ती सीडी घेऊन वर आल्या तेव्हा मी तिथेच होतो. काका नेहमीचं वाक्य बोलणार म्हणून मी तयारीत बसलो. ते बोलले नाहीत. "वेळ लागेल," एवढंच म्हणाले.

लागला. कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर हा तक्ता त्यांनी हाताने केला, बाईंकडची एक छापील प्रत समोर ठेवून. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. म्हणजे पानापानातली प्रत्येक वेलांटी उचलून पुढे न्यायची, प्रत्येक रफार उचलून मागे. त्यासाठी काकांनी स्क्रिप्ट लिहिली, मोडली, परत लिहिली. या वयात, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बाकी असताना. एका पैचा संबंध नाही. काकू मध्यरात्री उठून दिवा बंद करायच्या, आणि हे पडद्याच्या उजेडात बसलेले. हा माणूस इतकी वर्षं सगळ्यांना सगळं सारखंच आहे म्हणून सांगत आला, आणि कुठली गोष्ट कशी सारखी नाही हे त्याच्याइतकं बारकाईने कुणालाच ठाऊक नव्हतं.

काम झालं त्या संध्याकाळी बाईंना कागदावर हवं होतं. पडद्यावर वाचणं त्यांना जमत नाही. काकांनी एकदा प्रिंटरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग फाईल पेनड्राइव्हवर घेतली, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, यादी आली, आणि आमच्यासमोर शेवटच्या ओळीवर जाऊन एंटर दाबलं. निळा पडदा उजळला. प्रिंटर खाकरला आणि पानं यायला लागली.

"हेच का तुमचं ते लिनक्स?" बाईंनी कौतुकाने विचारलं.

"तेच आहे," काका म्हणाले, "नाव तेवढं वेगळं."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाईंचं इकडे लक्षच नव्हतं. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, लाल पेन काढलं, आणि तिसऱ्या पानावर 'धर्म'चा रफार 'ध'वर चढून बसला होता त्याला गोल केला. पाचव्यावर आणखी एक. मग पानं काकांच्या हातात दिली, वही परत करतात तशी. काका मशीन बंद करून पुन्हा मिंटमध्ये शिरले, स्क्रिप्ट उघडली आणि म्हणाले, "बाई, सगळं तपासूनच द्या, एकदमच सुधारतो."