कोयती, मिश्री आणि मायकल मायर्स

भयपट बघून घाबरायचं नसतं, त्याचं शास्त्र समजून घ्यायचं असतं, असा माझा बाणा आहे. त्यामुळे परवा रात्री जॉन कारपेंटरचा १९७८ चा 'हॅलोविन' लावला तेव्हा बायकोच्या कानावर सिनेमा कमी आणि माझं व्याख्यानच जास्त पडलं. "या मायकल मायर्सला काय घाबरायचं? तो मुखवटा दोन डॉलरच्या आत आणलेला, 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा! पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली, झाला खुनी." हिरॉइन जेमी ली कर्टिस ही 'सायको'त (१९६०) न्हाणीघरात मारल्या जाणाऱ्या जॅनेट लीची मुलगी आणि तिथलं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप, हे सांगेपर्यंत बायको झोपायला गेली होती.

स्लॅशरचे, म्हणजे अशा खुनी-भयपटांचे, नियम मला तोंडपाठ. खुनी बोलत नाही, पळत नाही. रमतगमत चालतो आणि तरी धावणाऱ्याला गाठतो. त्याच्या हातात धारेचं काहीतरी असतं. धावणारा हटकून अडखळतो आणि बाहेरचं दार सोडून घरातच आत आत पळतो. १९९६ च्या 'स्क्रीम'मध्ये तर पात्रंच हे नियम ऐकवतात, तरी खून व्हायचे ते होतातच. शुद्ध बावळटपणा, असं माझं मत होतं.

पहाटे पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात अंधार. ओट्याशी माकडटोपी घातलेली आकृती, हातात कोयती. "कोण आहे?" मी विचारलं. (हे विचारणारा सहसा पुढच्या दृश्यात नसतो.) उत्तर नाही. घरघरत्या श्वासानिशी आकृती सावकाश माझ्याकडे येऊ लागली.

बाहेरचं दार दोन पावलांवर होतं. मी न्हाणीघरात पळालो. जॅनेट लीचं काय झालं होतं, ते बादलीत पाय अडकल्यावर आठवलं.

ते सासरे होते. आदल्या दिवशीच कोकणातून आलेले. गुडघ्यांमुळे चाल संथ, दम्यामुळे श्वास तसा, आणि तोंडात मिश्री असल्याने बोलायची सोय नाही. लेकीला सकाळी त्रास नको म्हणून नारळ सोलायला घेतले होते. माझी किंकाळी ऐकून शेजारी टॉर्च घेऊन आले. सासऱ्यांनी चूळ भरली आणि विचारलं, "जावईबापू, पाणी हवं होतं का?"

कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९८७ मध्ये 'फायनल गर्ल'ची कल्पना मांडली: शेवटी वाचते ती सावध, डोकं ठिकाणावर असलेली मुलगी. आमच्याकडे बायकोने आधी दिवा लावला, मग वडिलांच्या हातातली कोयती काढून घेतली आणि सगळ्यात शेवटी माझा पाय बादलीतून सोडवला. क्लोव्हरबाई अगदी बरोबर आहेत. 'हॅलोविन' तुम्हीही जरूर बघा, फक्त सासरे गावी परतल्यावर.