अप्पांचा टॉलरन्स

आहेरात आलेला स्टीलचा डबा घरातली बाकीची माणसं उघडून बघतात. अप्पा तो बंद करून बघतात. झाकण एका फिरकीत बसतं की कुठे अडतं, कड सगळीकडे सारखी वळवली आहे का, कापलेल्या पत्र्याची बर नीट काढली आहे का, हे सगळं अंगठ्याच्या नखाने तपासून झालं की डबा खाली ठेवतात आणि म्हणतात, "प्रेस जुना झालाय त्यांचा. डाय झिजलीये." डबा देणारे पाहुणे समोरच बसलेले असतात.

अप्पा एकच आहेत असं समजू नये. चिंचवड, भोसरी, सातपूर, किर्लोस्करवाडी, कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, जिथे जिथे भोंग्यावर घड्याळं लावली जात तिथे तिथे सत्तरी ओलांडलेले असे अप्पा आजही सापडतात. कुणी टर्नर, कुणी फिटर, कुणी ग्राइंडर. यांतले सर्वांत वरच्या जातीचे, म्हणजे स्वतःच्या मते, टूलरूमवाले. कारखाना माल बनवतो. टूलरूम तो माल बनवणारी हत्यारं, डाया आणि जिग-फिक्श्चर बनवते. त्यामुळे उत्पादन विभागातली माणसं अप्पांच्या लेखी आयतं खाणारी. निवृत्तीनंतरही शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असते. डॉक्टरांनी एक्स-रे बघून "थोडी गॅप आहे" म्हटलं, की अप्पा विचारतात, "थोडी म्हणजे किती?"

त्यांच्या घरात एक कपाट आहे. त्यात दागिने नाहीत. मऊ फडक्यात गुंडाळलेला, हलकं तेल लावलेला मायक्रोमीटर आहे, व्हर्निअर आहे, डायल गेज आहे, गुण्या आहे. अप्पा शेजाऱ्याला उसने पैसे देतील, मायक्रोमीटर देणार नाहीत. त्याचं गणित ते मागितल्याशिवाय समजावतात: आतल्या स्क्रूचा एक आटा अर्ध्या मिलिमीटरचा, वरच्या गोल नळीवर पन्नास खुणा, म्हणजे एक खूण सरकली की मिलिमीटरचा शंभरावा भाग. एका जावयाने तो चिकटवलेली फोटोफ्रेम दाबून धरायला वापरला होता. जावई अजून येतो, पण जेवायला थांबत नाही.

हा माणूस घडला कसा, याची गोष्ट कानशीपासून सुरू होते. आयटीआयमध्ये किंवा कंपनीच्या शिकाऊ शाळेत पहिल्या दिवशी हातात लोखंडाचा एक तुकडा आणि एक कानस दिली जाई. शेगड्यात तुकडा आवळायचा आणि घासायचा. सपाट झाला असं वाटलं की गुण्या लावून तो उजेडाकडे धरायचा. धातू आणि गुण्या यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली की परत घासायचा. मधला भाग नेहमी उंच राहतो, कारण माणसाचा हात पुढे जाताना डोलतो. तो डोलायचा थांबेपर्यंत आठवड्यांवर आठवडे जात. 1961 साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला, कारखान्यांना मुलं शिकवणं भाग पडलं आणि अशा हजारो मुलांचे तळहात सोलले गेले. साठच्या दशकात सुमंत मूळगावकरांनी टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभा करायला घेतला, तेव्हा ट्रकच्या आधी यंत्रं बनवणारे हात तयार करण्यावर भर दिला. अप्पा याचा उल्लेख असा करतात, जणू मूळगावकरांनी त्यांना विचारूनच हे ठरवलं होतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट मात्र अप्पा खरोखर छान सांगतात. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली नोकरी सोडून बेळगावात सायकली विकणारा माणूस कडबा कापायचं यंत्र करतो, मग लोखंडी नांगर करतो. शेतकरी म्हणतात, लोखंडाने जमिनीला विष होईल. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागतात. 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहते. इथपर्यंत सगळं इतिहासाला धरून. यानंतर अप्पा त्या पहिल्या नांगराच्या फाळाला कोणतं पाणी दिलं असेल यावर वीस मिनिटं बोलतात, आणि तिथून इतिहास संपून अप्पा सुरू होतात.

पाणी देणं हा त्यांचा आवडता विषय. पोलाद लाल करून विझवलं की कडक होतं, पण काचेगत तडकतं. म्हणून ते घासून चकचकीत करायचं आणि परत हळूहळू तापवायचं. पृष्ठभागावर रंग चढत जातात: आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पिवळा साधारण सव्वादोनशे अंशांच्या पुढे, निळा तीनशेच्या आसपास. आखणीची सुई हवी तर पिवळ्यावर थांबायचं, स्प्रिंग हवी तर निळ्यावर. अप्पांनी थर्मामीटर कधी वापरला नाही, कारण रंग त्यांना दिसतो. याच डोळ्यांना बायकोने नेसलेली साडी मोरपंखी आहे की निळी हे चाळीस वर्षांत सांगता आलेलं नाही. "अहो, निदान बघा तरी," असं त्या म्हणतात. अप्पा बघतात आणि सांगतात, "काठ तिरका शिवलाय."

ठिणग्यांचंही तसंच. ग्राइंडरच्या चाकाला पोलादाचा तुकडा टेकवला की साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ पळतात, जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या जवळच फुटून त्यांचं झुडूप होतं, हायस्पीड स्टीलच्या मंद लालसर आणि मोजक्याच. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आत स्टोअरने चुकीचा बार दिलाय हे ओळखणारे अप्पा कारखान्याने पाहिले आहेत. घरच्यांनी पाहिलेले अप्पा दिवाळीत फुलबाज्या पेटल्या की नातवंडांना बाजूला सारून म्हणतात, "लोखंडाचा कीस जाडा वापरलाय."

मे महिन्यात घरात मॉड्युलर किचन करायला आलेल्या सुताराने टेप काढला. स्टीलचा टेप. अप्पांनी विचारलं, "किती डिग्रीला मोजतोस?" सुताराला वाटलं, कोन विचारतायत. तो म्हणाला, "नव्वद." मग अप्पांनी त्याला बसवून सांगितलं की जगभर लांबीचं माप वीस अंश सेल्सिअसला धरतात, पोलादाचा एक मीटर एका अंशाला साडेअकरा मायक्रॉन वाढतो, आज चाळीस अंश आहेत, म्हणजे तुझा मीटर जवळजवळ पाव मिलिमीटर लांब झालाय. सुताराने शांतपणे ऐकून घेतलं. "काका," तो म्हणाला, "प्लायवूड आहे. पावसाळ्यात फुगतंच."

यात हसण्यासारखं आहे ते स्वयंपाकघरामुळे. लेथवर हाच हट्ट अगदी रास्त असतो. लेथवरून उतरलेला गरम जॉब मोजून बरोबर भरला, तर थंड झाल्यावर तो लहान झालेला असतो आणि बेअरिंग त्यावर सैल बसतं. सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राचं सकाळी पहिल्यांदा सुरू केलेलं स्पिंडलसुद्धा तापेपर्यंत वेगळं माप देतं. म्हणून समजदार ऑपरेटर ते आधी थोडा वेळ रिकामं फिरवतो. अप्पा अशा ऑपरेटरला 'बटणवाला' म्हणतात, पण हे करताना दिसला की त्याच्याशी जरा प्रेमाने बोलतात.

बटणवाल्यांवरचा त्यांचा राग तसा गमतीचा आहे. बटणवाले ज्या यंत्रांपुढे उभे राहतात, त्यांतल्या उत्तम प्रतीच्या यंत्रांच्या मार्गिका अजूनही हाताने खरवडून बसवतात. प्रशियन ब्ल्यूचा पातळ थर लावायचा, सपाट पट्टी फिरवायची, जिथे निळं लागलं तो उंचवटा स्क्रेपरने काही मायक्रॉन उतरवायचा, परत पट्टी, परत स्क्रेपर. आणि ती पट्टी सपाट आहे हे कशावरून? इथे अप्पांचे डोळे लकाकतात. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने 1840 मध्ये ही रीत जाहीरपणे मांडली: दोन नव्हे, तीन पट्ट घ्यायचे. दोनच घेतले तर एक फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट होऊनही एकमेकांवर बिनचूक बसतील आणि आपली फसगत होईल. तिसरा आला की सोंग टिकत नाही. तिघं आळीपाळीने एकमेकांवर बसले म्हणजे तिघंही सपाट. कुठलंही आधीचं यंत्र न वापरता, नुसत्या हाताने, शून्यातून सरळपणा मिळवायची ही युक्ती म्हणजे माणसाच्या डोक्यातून निघालेल्या सुंदर गोष्टींपैकी एक आहे, आणि ती अप्पांच्या तोंडून ऐकली की त्यांचे बाकीचे छळ माफ करावेसे वाटतात.

सगळे मात्र नाहीत. या पिढीतल्या अनेक उस्तादांनी हातचं राखून शिकवलं. टूलला धार लावताना पाठ फिरवायची, पोराला चहा आणायला पाठवायचं आणि तो परत येईपर्यंत कोन साधून टूल चढवलेलं असायचं. पोरं शिकली ती चोरून बघून. चष्मा न घालता ग्राइंडिंग करणं हा मर्दपणा समजला गेला आणि त्या मर्दपणापायी डोळे गेले. प्रेसवर बोटं गेलेल्यांना जुन्या खात्यांत टोपणनावं असत. पूर्वी सगळं चांगलं होतं असं अप्पा म्हणतात तेव्हा त्या टोपणनावांचा हिशेब त्यात धरलेला नसतो. नव्या यंत्राचं दार बंद झाल्याशिवाय स्पिंडल फिरत नाही, हीसुद्धा कुणाच्या तरी डोक्यातली चांगली कारागिरीच आहे. अप्पांना ते पटतं, पण मान्य करायला लागतो तो त्यांचा दुसरा चहा.

वाहनांच्या बाबतीत ते कुणाचंच ऐकत नाहीत. बजाज चेतक सुरू होत नसली की अख्खा महाराष्ट्र ती एका बाजूला तिरकी करायचा. अप्पांनी कधी केली नाही. "तिरकी करावी लागते ती मालकाच्या आळसामुळे," असं ते सांगत, प्लग काढत, पॉलिश पेपरने घासत, फिलर गेजने फट तपासत आणि दहा मिनिटांनी एका किकमध्ये गाडी चालू करून विजयी चेहऱ्याने बघत. तोवर तिरकी करणारे ऑफिसात पोचलेले असत.

सध्या त्यांचं लक्ष सोसायटीच्या लिफ्टवर आहे. देखभालीला आलेला मुलगा पॅनल तपासत होता, तेव्हा अप्पा लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन मशीन रूममध्ये शिरले. टोक मोटरच्या बेअरिंगच्या घरावर, मूठ कानाच्या हाडाला. डोळे मिटले.

"बेअरिंग चाललंय," अप्पा म्हणाले.

"काका, पॅनलवर एरर नाही."

"बेअरिंगला पॅनल वाचता येत नाही, बाळा."

मुलाने सही घेतली आणि तो गेला. काही दिवसांनी लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली. आत सेक्रेटरी होते आणि त्यांच्याबरोबर दुधाच्या पिशव्या. बाहेरून अप्पा त्यांना बेअरिंगची आतली रिंग, बाहेरची रिंग आणि गोळ्या यांच्यातल्या आवाजाचा फरक समजावत होते. आत अडकलेला माणूस इतकं लक्ष देऊन ऐकतो, हा अनुभव अप्पांना बऱ्याच वर्षांनी आला.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: मशीन रूममध्ये अनधिकृत व्यक्तींनी प्रवेश करू नये. सेक्रेटरींनी ती अप्पांना वाचायला मुद्दाम खाली बोलावलं. अप्पा बोर्डासमोर उभे राहिले, मान थोडी डावीकडे केली, मग उजवीकडे.

"काय अप्पा, वाचलंत ना?"

"बोर्ड कुणी ठोकला?" अप्पांनी विचारलं आणि पाणसळ आणायला ते घरी गेले.