जरा मीठ बघा हो

ऑपरेशन झालं स्तनाचं. भेटायला येणारा जो तो तिकडे नजर जाऊ नये म्हणून पंख्याकडे बघत विचारायचा, "आता कसं वाटतंय?" जिभेची चौकशी कुणीच केली नाही, आणि बिनसलं होतं नेमकं तिचंच.

शुद्धीवर आल्यावरचा पहिला चहा पोटात टिकला नाही, ते मी भुलीच्या खात्यावर टाकलं. पुढे केमो सुरू झाली आणि चहाला चक्क रुपयाच्या नाण्याची चव आली. (लहानपणी नाणं चोखलेलं आहे, म्हणून खात्रीने सांगते.) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर धावून जातं. कॅन्सरच्या पेशी तशा, केसांच्या मुळांच्या तशा, आणि जिभेवरच्या चवीच्या पेशीही तशाच, दर १०-१४ दिवसांनी नव्या येणाऱ्या. थोडक्यात, चोराबरोबर संन्याशालाही फाशी.

"स्टीलचा चमचा सोडा, लाकडी वापरा. अन्न गार करून खा, वास कमी येतो," असंही त्यांनी सांगितलं. ज्या घरात वाटीवाटीवर सासूबाईंचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली, त्या घरात स्टील सोडायचं! शेवटी आइस्क्रीमच्या कपाबरोबर मिळणाऱ्या लाकडी चपट्यांनी मी दहीभात खाऊ लागले. गार दहीभात आणि आमसुलाचं सार, एवढ्या दोघांशीच माझं पटत होतं. फोडणीचा वास आला की मी गॅलरीत. नातेवाइकांनी गव्हांकुराचा रस आणि लक्ष्मणफळाची पानं आणली. पांढऱ्या पेशी उतरल्यामुळे कच्चं काही द्यायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. इतका गोड हुकूम मी आयुष्यात पाळलेला नाही.

अंगात ताकद असेल त्या दिवशी आमटी मात्र मीच करायची, हा माझा हट्ट. पण मीठ कळेना. "अहो, जरा मीठ बघा," म्हटलं की हे पळी चाटून म्हणायचे, "अगदी बरोबर!" रोज अगदी बरोबर. संसारात इतकं एकमत आमचं कधी झालं नव्हतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सासूबाईही मुकाट जेवायच्या आणि मग तांब्या तांब्या पाणी प्यायच्या. कॅन्सर झालेल्या बाईच्या आमटीला नावं कोण ठेवणार?

ठेवली पोळ्यांच्या मावशींनी. एक घास घेतला आणि म्हणाल्या, "ताई, हिच्यात गणपती विसर्जन करायचाय का?" त्या दिवसापासून मीठ बघायचं खातं त्यांच्याकडे गेलं. ह्यांचा चेहरा सुटका झालेल्या ओलिसासारखा दिसत होता.

केमो संपली, चव हळूहळू परतली. सगळी नाही. चहा अजून रुसलेलाच आहे, कॉफी चालते. आता टॅमॉक्सिफेनची गोळी रोज, निदान ५ वर्षं. तिच्यापायी बसल्या जागी अंगातून वाफा निघतात, आणि झणझणीत मिसळ खाल्ली की वाफांना ऊतच येतो. नणंदेने नाशिकच्या वाइनचा पेला पुढे केला, तर दोन घोटांत माझे कान लाल. "चढली!" म्हणून ती आनंदली. चढलं काही नव्हतं, पेटलं होतं.

मला मीठ पुन्हा कळू लागलंय, ही बातमी ह्यांना लागली तेव्हापासून मात्र रोज जेवताना ऐकते आहे, "आज जरा कमीच पडलंय, नाही?" जुनी सगळी थकबाकी वसूल करताहेत. व्याजासकट.